पुंडलिक सोडून कोणालेही

वीज ऑफिसात सोलरच्या खिडकीसमोर माझा नंबर दुसरा होता. पहिला नंबर डोक्याला दुपट्टा बांधलेल्या एका काकांचा. खिडकीतल्या मॅडम त्यांचा फॉर्म तपासत होत्या.

“गणपतराव, तुमच्या छतावरच्या सोलरची उरलेली वीज कोणाला द्यायची, तो रकाना कोराच ठेवला तुम्ही.”

“कोणालेही द्या ना मॅडम. फक्त पुंडलिकले देऊ नका.”

“पुंडलिक कोण?”

“लहाना भाऊ. भिंतीले भिंत लागून घर आहे. सात वर्षांपासून बोलणं बंद आहे.”

“काका, कोणाला द्यायची नाही, असा रकानाच नाही याच्यात.”

“मंग मागच्या बाजूनं लिहून देतो. सही बी करतो.”

“वीज काय फॉर्म वाचते का? हा रकाना फक्त बिलात ती कोणाच्या नावावर धरायची ते सांगतो. खरी वीज तर तारेनं सगळ्यात जवळच्या घरात जाते.”

“म्हणजे माह्या छतावरच्या उन्हावर त्याचा कुलर चालून राहिला?”

“चालत असेल.”

“फुकटात हवा खाऊन राहिला थो!”

“फुकट नाही काका, त्याचं बिल तो भरतो. तरी एवढंच असेल तर उरू देऊ नका. स्वतःच वापरून टाका. आत्ता भर दुपारी घरी कोण आहे?”

“बायको आहे. पण तिले कुलरची हवा सोसत नाही, बंद करून झोपते.”

“मग आत्ता सगळी तिकडेच चालली असेल.”

काकांनी खिडकीतच कोपर टेकून फोन लावला.

“अवं, उठ पहिले! दोन्ही कुलर लाव. गिझर बी लाव. हो वं, मे महिना आहे, समजते मले! आंघोळ नको करू, फक्त चालू ठेव!”