बेडूकतोंड्या मूर्तीतली खोट

सुदेश रामचंद्र कारेकर, वय ५२, धंदा सोनारकाम, मूळ राहणार राजापूर, सध्या करामा, दुबई. समक्ष हजर राहून मराठीतून सांगतो की,

मी करामातल्या प्रल्हाद शेठच्या दागिन्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षे कारागीर आहे. मयत सोमनाथ तिथेच गिऱ्हाइकांचा माल आणण्या-पोचवण्याचे काम करी. शेठ वाढले इथेच. धंदा वडिलांचा मिळाला, हत्यार त्यांनी कधी धरले नाही.

मंगळवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सोमनाथ अल बर्शा भागातल्या गिऱ्हाइकाकडून सोन्याची मूर्ती घेऊन आला. बोटभर उंच, धड माणसाचे, तोंड बेडकाचे. कोलंबिया देशातली, हजारेक वर्षांपूर्वीची, असे सोबतच्या कागदावर होते. कानातली कडी निखळली होती, ती जोडायची होती.

शेठ म्हणाले, "सुदेशदादा, आधी चेक करा. मागाहून डोक्याला ताप नको." मी मूर्तीच्या तळव्याला किंचित खरवडले. आत लालसर धातू दिसला. कसोटीवर घासून पाहिले आणि म्हणालो, "शेठ, यात खोट आहे."

आम्ही सोनार सोन्यात मिसळलेल्या तांब्याला खोट म्हणतो. बावीस कॅरेटच्या मंगळसूत्रातही खोट असते. शेठनी "खोटं आहे" असे ऐकले.

मूर्ती अस्सल होती. अशा दोन मूर्ती मी पूर्वी हाताळल्या आहेत. तिकडचे जुने कारागीर सोन्यात तांबे मुद्दाम घालत. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मग मूर्ती तापवून झाडपाल्याच्या आंबट रसात बुडवायची. वरवरचे तांबे रस खातो, सोने राहते, ते घोटायचे. आम्ही चिंचेच्या पाण्यात दागिना उजळतो, त्यातलाच प्रकार, पण त्यांचा हात आमच्यापेक्षा सरस. या बेडकाच्या पापण्या केसाएवढ्या मेणाच्या दोऱ्यांवरून ओतलेल्या होत्या. हे सगळे मी पुढच्या वाक्यात सांगणार होतो.

शेठनी सोमनाथची कॉलर धरली. "ओरिजिनल किधर है? रस्त्यात बदललास ना?"

सोमनाथ म्हणाला, "शेठ, मेट्रोने थेट आलोय, आईशप्पथ."

"खलास! मला शिकवतोस?" असे म्हणून शेठनी पत्रा ठोकायचा हातोडा उचलला. सोनाराचे शंभर आणि लोहाराचा एक म्हणतात, तो लोहाराच्या वजनाचा आहे. पहिला घाव उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सोमनाथ गुडघ्यांवर आला.

जबाब घेणाऱ्या पोलीस ऑफिसरसाहेबांनी विचारले की पहिल्या आणि दुसऱ्या घावात किती वेळ गेला. "दादा, तुम्ही सांगा ना यांना," असे सोमनाथ माझ्याकडे बघून दोनदा म्हणाला. तेवढा वेळ गेला.

त्या वेळात टेबल हलत होते. मूर्ती घरंगळेल म्हणून मी ती उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरली. दुसरा घाव कानामागे बसला. तिसरा आणि चौथा तो पडल्यावर, डोक्यात. मग मी ओरडलो, "शेठ, अस्सल आहे!" शेठ हातोडा धरूनच म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?" या मारहाणीत मूर्तीला ओरखडाही आलेला नाही.

शेठनी सोमनाथवर चोरीचा आळ घेतल्याचे कळते. तो धादांत खोटा आहे. सोमनाथ चोर नव्हता, हे गावी त्याच्या बायकोला, ममताला, लेखी कळवावे ही विनंती. मी फोन केला होता. तिने "हॅलो" म्हटल्यावर मी फोन ठेवला.

हा जबाब दुभाषी लतिका मॅडमनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "मी घाबरून गप्प राहिलो" असे एक वाक्य होते. ते त्यांनी दया येऊन घातले असावे. ते मी काढायला लावले. मी घाबरलो नव्हतो, मला मूर्तीची काळजी होती. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.