चुलीला पितळ चालेना

नाही, तुम्हीच सांगा, चूल कधी भांडं नाकारते का हो? लाकडाची चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅस... साठ वर्षांत सगळ्या पाहिल्या मी, एकीनंही विचारलं नाही की बाबा, भांडं कसलं आणलंस! आणि ही काळ्या पाटीसारखी चपटी वस्तू, इंडक्शन का काय ते, आमच्या लेकीनं, श्रीविद्येनं चेन्नईहून पाठवलेली... हिनं नाकारलं! कुणाचं? माझं! अहो, कुंभकोणमात पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे माझं, आजोबांपासूनचं! घरात लग्न निघालं की तिरुविडैमरुदूरहून लोक बस पकडून या राजगोपाल रावाकडे येतात, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझंच पितळ चालत नाही? धक्काच बसला, तुम्हाला सांगतो!

झालं काय, सकाळी हौसेनं मी स्वतः कॉफीचं दूध ठेवलं, पितळेच्या पातेल्यात. बटण दाबलं. टीं टीं टीं... बंद! परत दाबलं. टीं टीं टीं! मला वाटलं, पातेलं जुनं म्हणून असेल, तर धोतर सावरत दुकानात गेलो, जाड बुडाचं कोरं करकरीत पातेलं घेऊन आलो, ठेवलं... टीं टीं टीं! लेकीला फोन लावला, तर ती हसतेय! "अप्पा, त्याला पितळ नाही चालत, अम्माला सांगितलं होतं मी!" अम्माला सांगितलं होतं... म्हणजे मला सोडून सगळ्यांना ठाऊक? धक्काच बसला, तुम्हाला सांगतो!

पण मी असा ऐकणारा आहे का? मेकॅनिक बोलावला. कल्याणराम त्याचं नाव, हा एवढासा माणूस. त्यानं चुलीला हातसुद्धा लावला नाही हो! खिशातून लोहचुंबक काढलं, माझ्या पातेल्याला लावलं, ते टप्पकन खाली पडलं, आणि मला म्हणतो, "सार, पित्तळै वेण्डाम!" पितळ नको! कुणाला सांगतोय हा? मी म्हटलं, "अरे, चूल बिघडलीय!" तर डोकं हलवून म्हणाला, "चूल बरोबर आहे, सार. चुंबक चिकटेल तेच भांडं हिला चालतं. भांडंच चुकलंय."

तेवढ्यात आमची वाणी, माझी बायको, कपाटाच्या मागून एक स्टीलचं पातेलं काढते! माझ्या घरात स्टील! लपवलेलं! दूध ओतलं, बटण दाबलं, दोन मिनिटांत फसफसून वर! मी म्हटलं, "वाणी, हे काय? आणि माझ्या पितळेचं काय?" तर बाई काय म्हणाली ठाऊक आहे? त्या परक्या मेकॅनिकसमोर? "अहो, चाळीस वर्षं चिंच लावून लावून घासली मी ती भांडी. बोटं बघा माझी. एकदा तरी विचारलंत, मला आवडतात का?"

बोटं बघितली मी. खरंच, भेगाच भेगा... चाळीस वर्षं दुकानात उभा राहून बायाबापड्यांना सांगत आलो, पितळेसारखं सुख नाही म्हणून, आणि घरातल्या बाईला विचारायचं राहूनच गेलं! धक्काच बसला, तुम्हाला सांगतो... पण हा धक्का निराळा. कल्याणराम तर लोहचुंबक खिशात घालून चपला शोधायला लागला.

दोन दिवस स्टीलमधल्याच दुधाची कॉफी प्यालो. तिसऱ्या दिवशी भीत भीत म्हटलं, "वाणी, पण रसम तेवढं कल्हईच्या पितळेतलंच बरं लागतं गं... गॅस आहे ना अजून?" ती म्हणाली, "करा की. गॅस आहे, पितळ आहे, चिंचही आहे. घासायचंही तुम्हीच."

तर आता रविवारी मी मागच्या अंगणात बसतो, पातेलं मांडीत, चिंच मुठीत, खांदा गेलाय कामातून... आणि काय सांगू, इतकी वर्षं गिऱ्हाइकांना वजन करून देताना कधी कळलंच नाही हो, पितळ एवढं जड असतं म्हणून!