घाणीला पासपोर्ट लागत नाही

…नाही, मी म्हणते, समुद्र साफ करा ना! नको कोण म्हणतंय? पाच देशांचा करा, पन्नास देशांचा करा! पण घरातलं सिंक तुंबलंय त्याचं काय? आता तुम्ही म्हणाल, समुद्राचा आणि सिंकचा संबंध काय… तेच तर सांगते, ऐका!

आमचे हे सागरी प्रदूषण खात्यात. साहेब! शेजारशेजारचे पाच देश मिळून समुद्रातली घाण कमी करणार, म्हणजे आधी घाण कमी करणाऱ्यांची क्षमता वाढवणार, आणि ती वाढवणार कोण? तर आमचे हे! ज्यांना स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही! रोज सकाळी गालाला फेस लावून आरशासमोर भाषणाची तालीम. "मित्रहो, समुद्राला कुंपण नसतं! घाणीला पासपोर्ट लागत नाही! शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोललं पाहिजे!" शेवटच्या वाक्याला अशी मूठ आपटतात की फेस उडतो आरशावर. आरसा कोण पुसतं? जाऊ दे.

शेजाऱ्याशी बोललं पाहिजे म्हणे! अहो, तुम्हाला सांगते, भिंतीला भिंत लावून राहतात ते प्लायवुडवाले, त्यांच्याशी ह्यांचा अबोला! कशावरून? चपलांच्या स्टँडवरून! त्यांचा स्टँड म्हणे आमच्या हद्दीत चार बोटं आला. ह्यांनी पट्टी लावून मोजलं. तिकडून ते म्हणाले, "मोजा, मोजा, सरकारी पट्टी, ताणाल तेवढी वाढेल!" झालं! तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की हे छताकडे बघतात आणि ते मोबाइलात. आणि ह्या दोन शहाण्यांपायी माझी शेजारीण तुटली हो! लेकीला पहिल्यांदा ताप भरला तेव्हा माझ्याबरोबर दवाखान्यात रात्र काढली होती तिनं. आता नुसतं हसलं तरी ह्यांच्या घराण्याची मान खाली जाते! फार वाईट वाटायचं मला… पण सांगता कुणाला?

आणि अशात सिंक तुंबलं. तुंबलं म्हणजे कसं, आपण नळ सोडलेला नाही, तरी पाणी खालून वर येतंय, गुडगुड करत! आणि वर तरंगतंय काय? चहाची पत्ती! अहो, आम्ही कॉफीवाले! म्हटलं बरोबरच आहे, घाणीला पासपोर्ट लागत नाही! दोन्ही घरांचं पाणी एकाच पाइपात, आणि तो उघडून साफ करायचं झाकण त्यांच्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "अहो, जा, बेल वाजवा." तर हे काय म्हणतात? "पहिलं पाऊल त्यांनी टाकायला हवं. आज मी बेल वाजवली तर पायंडा पडेल!" पायंडा! इथं सिंकात माझी भांडी तरंगायला लागली!

त्याच संध्याकाळी पाची देशांचे अधिकारी आमच्याकडे जेवायला! का? तर अनौपचारिक वातावरणात संबंध दृढ होतात. संबंध ह्यांचे, कांदा कापून डोळे माझे! जेवणं झाली आणि सिंक भरभरून जमिनीवर आलं. आली सगळी मंडळी हात पुसत बघायला. टक्कलवाले म्हणाले, "आमच्या किनाऱ्यालाही अस्संच लागतं, पण ते आमचं नसतं हं." जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "घाई नको, आधी पाण्याचा नमुना घ्यायला हवा." मी म्हटलं, घ्या, बादलीभर घ्या! एकजण नुसतेच फोटो काढत होते. शेवटी उपसमिती नेमली. खोटं नाही सांगत, माझ्या बाहेरच्या खोलीत, माझ्या सोफ्यावर उपसमिती बसली! बाही मात्र एकानंही वर केली नाही.

मग मी खोचला पदर आणि वाजवली बेल! पडला पायंडा तर पडला!

दार उघडलं शेजारणीनं. हातात बादली, पायाखाली तळं. मला बघताच सुरू, "तुमचंच येतंय सगळं! हा कॉफीचा चोथा बघ! आमच्याकडे कॉफी कोण पितं?" मी म्हटलं, "आणि माझ्या सिंकातली चहाची पत्ती काय माझ्या माहेरून आली?" आणि मग दोघींना असं हसू फुटलं म्हणून सांगू, तिला बादली खाली ठेवावी लागली!

पाना घेतला, झाकण उघडलं, आत हात घातला, तर निघाला हा एवढा गोळा! नारळाएवढा, रबरासारखा! "अगं बाई, हे काय?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवड्यापूर्वी ह्यांनी प्रशिक्षणातून नमुन्याची पूड आणली होती. समुद्रात तेल सांडलं की वर टाकायची, तेलाचा गोळा होतो, उचलून घ्यायचा. "ये, तुला चमत्कार दाखवतो," म्हणून माझं तळणाचं तेल सिंकात ओतलं, वर अख्खी पिशवी पूड रिकामी केली, तेवढ्यात आला ऑफिसचा फोन, की साहेबांनी जाळी काढून दिलं सगळं आत ढकलून! चमत्कार झाला, पण पाइपात!

शेजारीण परत विचारते, "सांग की, काय आहे हे?" मी म्हटलं, "ही आमच्या ह्यांची वाढलेली क्षमता!"

गोळ्याचं कळताच उपसमिती धावत आली. टाळ्या! फोटो! मधोमध आमचे हे, हातात गोळा, जसा काही ह्यांनीच हात घातला होता! कडेला प्लायवुडवालेही येऊन उभे, मोबाइलात बघत. ह्यांची नजर छताकडे. पुरुष काही बोलले नाहीत हो… अजूनही नाहीत.

पाणी झरझर वाहायला लागलं, आणि आम्ही दोघी माझ्या सिंकापाशी, पाच देशांची उष्टी भांडी घेऊन. बाहेरून ह्यांचा आवाज, अहवाल सांगत होते, "दोन शेजाऱ्यांमधील प्रश्न चर्चेतून सुटला… लिहा… त्याकामी दोन स्थानिक घटकांचं सहकार्य लाभलं."

स्थानिक घटक! मी! माझे साबणाचे हात थांबले तसेच. वाटलं, तो गोळा घ्यावा आणि… पण शेजारणीनं कढई पुढं ओढली आणि म्हणाली, "ए घटक, साबण दे इकडे."

दिला. काय करता?