तीन तासांचा उशीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे माजी चिटणीस, सन्माननीय वकीलसाहेब. ज्यांच्या वॉर्डांतून आपल्या गाड्यांना वर्षानुवर्षं बोलावणी येत आली त्या प्रमुख पाहुण्या मेट्रनबाई. पुष्पगुच्छ हातात आल्यापासून तो कुठे ठेवावा या विवंचनेत असलेले सत्कारमूर्ती, म्हणजे आपले सावकाश काका. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. विश्वस्त मंडळी, सगळे चालक बंधू आणि समोर जमलेल्या माझ्या स्नेही जनांनो,

मी संस्थेत बावीस वर्षं फोनवर बसते. समोरचा माणूस दिसत नसला की मला बरं बोलता येतं. आज तुम्ही सगळे दिसताय, तेव्हा सांभाळून घ्या.

काकांना ‘सावकाश’ हे नाव कसं पडलं, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. आपल्याकडे दोन प्रकारच्या गाड्या. एक आजाऱ्यांची, एक गेलेल्यांची. आजारी माणूस मागे असला की काका असे काही हाकतात, की बरोबरच्या नातेवाइकाचीच नाडी तपासावी लागते! पण दुसऱ्या गाडीत बसले की ते वेगळेच. प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवणार. “मागच्यांना धक्का लागायला नको,” म्हणणार. एकदा मी फोनवर एका बाईंना म्हटलं, “काळजी करू नका, सावकाश काकांना पाठवते.” त्यांच्या सासूबाईंना दम लागलेला. बाई ओरडल्या, “अहो, सावकाश काय? लवकर येणारं कुणी नाही का तुमच्याकडे?”

असो. मला आज सांगायचंय ते निराळं आहे. अध्यक्षमहाराज, त्यात तुमचाही थोडा भाग आहे. राग मानू नका.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते. माझे वडील इथल्या गोदीत जहाजांना रंग द्यायचे. आम्ही मायलेकी दूर, डोंगरातल्या एका लहान गावात. बाबा वर्षातून दोनदा घरी यायचे, आठ-आठ दिवस. त्यांना सांगायच्या गोष्टी मी वर्षभर साठवून ठेवायची. पण ते आले की पहिले तीन दिवस मला त्यांच्याशी बोलायची लाजच वाटायची. चौथ्या दिवशी कुठे ओळख व्हायची, आणि पाहता पाहता आठवा उजाडायचा. बाबा बॅग भरायला घ्यायचे. माझं निम्मंअधिक सांगायचं राहूनच जायचं. मी म्हणायची, पुढच्या खेपेला.

मग एक दिवस शेजाऱ्यांकडे फोन आला, बाबा रुग्णालयात आहेत. आईचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये, तिला हलता येईना. मी आणि मामा निघालो. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आईने निरोप धाडला, “मला त्यांचं तोंड बघायचंय. घरी आणा.” आता आणायचं कशातून? भाड्याच्या गाडीवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मामा भिंतीला टेकून खालीच बसले. तेव्हा वॉर्डातल्या आयाबाईंनी माझ्या तळहातावर पेनने एक नंबर लिहून दिला. तो आपल्या संस्थेचा होता.

सकाळी साडेआठला काका आले. तोवर तिथला प्रत्येक जण मला ‘बॉडी’विषयी विचारत होता. बॉडी कधी नेणार, बॉडीच्या कागदावर सही कोण करणार. काका आले, टोपी काढली आणि म्हणाले, “बाळ, वडील कुठे आहेत?”

मंडळी, ‘वडील कुठे आहेत’. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा रडले ती तिथे.

नऊला आम्ही निघालो. मामा पुढे बसले, मी मागे बाबांजवळ. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला पुन्हा त्यांची लाज वाटायला लागली. दोन तास मी नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखांत लाल रंग होता.

पुढे एके ठिकाणी रस्ता फुटतो. काकांनी गाडी कडेला घेतली. मामांना डुलकी लागली होती. मधली सरकती काच उघडून काका हळूच म्हणाले, “बाळ, घाटाने गेलो तर दोनपर्यंत घर येईल. खालच्या रस्त्याने गेलो तर पाच वाजतील. घाटात वळणं फार. कुठून नेऊ?”

मी म्हटलं, “लांबच्या रस्त्याने.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वळणांसाठी नव्हे, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी काच लावली आणि रेडिओ सुरू केला. प्रेताच्या गाडीत रेडिओ! मामा दचकून जागे झाले, चिडले. पण त्या आवाजामुळे माझं बोलणं पुढे ऐकू जाईना.

मग मी बोलले. साठवलेलं सगळं सांगितलं. गणितात नापास झाले होते, ते आईने त्यांच्यापासून लपवलं होतं, तेही सांगितलं. आयुष्यात बाबांजवळ एका दिवसात इतका वेळ मी कधी बसले नव्हते.

पाचला घरी पोचलो. आई दारात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय पुढे करून, दुपारपासून बसलेली. गावातली माणसं खोळंबली होती, त्यांना अंधाराच्या आत सगळं उरकायचं होतं. आईच्या वाट्याला बाबा आले पाऊण तास.

तिने काकांना विचारलं, “एवढा उशीर?”

काका म्हणाले, “रस्ता बंद होता, वहिनी. मी आधी चौकशी करायला हवी होती. चूक माझी.”

आई त्यांना नाही नाही ते बोलली. “तुम्हाला काय, तुमचं कोण होतं आत!” असंही बोलली. काका मान खाली घालून ऐकत होते. आणि मी? मी त्यांच्या मागेच उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

दोन वर्षांनी मी इथे नोकरीला लागले, आईला घेऊन आले. मुलाखतीत वकीलसाहेबांनी विचारलं, हेच काम का? मी म्हटलं, बसथांबा जवळ पडतो. पुढे एकदा कपाट आवरताना काकांची फाइल हाती आली. त्यात साहेबांच्या सहीची ताकीद होती. विनाकारण लांबचा मार्ग घेऊन शोकाकुल कुटुंबास तिष्ठत ठेवल्याबद्दल. खाली काकांचं उत्तर, एका ओळीचं, ‘चूक मान्य आहे.’ ती वाचूनही मी गप्पच राहिले.

गेल्या वर्षी आईला छातीत दुखायला लागलं. गाडी घेऊन काकाच आले. आईने त्यांना ओळखलं. म्हणाली, “उशिरा आणणारे तुम्हीच ना?”

“होय वहिनी. आज वेळेत नेतो.”

भोंगा सुरू झाला, गाडी सुटली. मी आईचा हात धरून बसले होते. तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

आईने मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता हात सोडवून घेईल. ती म्हणाली, “मला पाऊणच तास मिळाला गं.”

ते तीन तास तिचे होते. मी घेतले होते.

मग तिनेच विचारलं, “काय काय बोललीस ह्यांच्याशी?”

आई त्या दुखण्यातून उठली, सात महिने जगली. रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, मला जवळ बसवून विचारायची, “आणखी काय सांगितलंस?” मी सांगायची. एक दिवस माझं सांगून संपलं. तेव्हा ती म्हणाली, “आता माझं ऐक.” बाबांना जे सांगायचं राहून गेलं होतं, ते तिने मला सांगितलं. पुष्कळ दिवस सांगत होती. ते मात्र मी या सभेत सांगणार नाही.

अध्यक्षमहाराज, मी आज एक कागद लिहून आणलाय. त्या दिवशी रस्ता बंद नव्हता, लांबच्या रस्त्याने मी न्यायला सांगितलं होतं, एवढंच त्यात आहे. आपल्या हाताने तो काकांच्या फाइलला लावावा, ही विनंती.

संस्थेने आमच्यासारख्यांना दारातून परत पाठवलं नाही, त्याबद्दल विश्वस्तांचे आभार. काकू, तुमच्या घरातला माणूस इतकी वर्षं अवेळी आमच्या कामी आला, तुमचेही आभार. काही अधिकउणं बोलले असेन, किंवा बोलायचं तेव्हा बोलले नसेन, तर सर्वांनी पदरात घ्यावं.

आणि काका, आईने जाण्याआधी तुमच्यासाठी निरोप दिला होता. सांगायचा धीर मला आज झाला. ती म्हणाली होती, “त्यांना म्हणावं, मी बोलले ते सगळं मागे घेतलं.”