कुंठित म्हणजे खुंटलेलं नव्हे

अध्यक्षस्थानी असलेले आपले प्राचार्य आत्माराम सर, प्रमुख पाहुणे दिनानाथराव, सत्कारमूर्ती चंद्रकांताबाई, बोईसर-तारापूरहून मुद्दाम आलेले पालक, आणि आतापासूनच डोळे पुसायला लागलेल्या विद्यार्थिनींनो,

यजमानांची तारापूरच्या अणुवीज केंद्रातून राजस्थानात कोट्याच्या प्रकल्पावर बदली झाली, म्हणून बाई पालघर सोडताहेत. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आम्ही दोघीच, तेव्हा गौरवपर बोलायला उषाबाईंना, म्हणजे मलाच, उभं केलंय. बोलते. पण खरं बोलू का? मला या बाईंचा फार हेवा वाटतो. हसू नका, आत्ताही वाटतोय.

गेल्या वर्षी, सत्याऐंशी साली, अकरावीला मी ‘कुंठित शाखाक्रम’ शिकवला. सफाळ्याच्या ठमीनं विचारलं, “बाई, कुंठित मंजे खुटलेलं ना?” मी म्हटलं, “हो, वाढ थांबलेली. लिहून घ्या.” चाचणीत साऱ्या वर्गानं लिहिलं, ‘असे झाड ठेंगणे राहते.’ आता शून्य कुणाला द्यायचं? मुलांना की मला?

चंद्रकांताबाईंनी तोच वर्ग बाहेर नेला, चाफ्याखाली. “शेंड्याला फुलं आली की ही फांदी इथंच थांबते. मग तिच्या बाजूनं नव्या फांद्या फुटतात, त्याही फुलून थांबतात. थांबतो तो शेंडा, झाड नव्हे. बघा केवढं पसरलंय!” मुलं माना वर करून बघतच राहिली. मी खिडकीतून पाहत होते आणि जळत होते. वर्ग मीही बाहेर नेला असता की! सुचलं नाही.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मुलं यांच्या टेबलाभोवती. माझ्याकडे येत ती खडू मागायला. एकदा तरी कुणी माझ्यापाशी रेंगाळावं, एवढंच हवं होतं मला. बदलीची बातमी कळली त्या दिवशी, अध्यक्षमहाराज, मी घरी शिरा केला.

काल यांचा वर्ग माझ्याकडे आला. तास संपला तरी काही मुली दाराशी उभ्या. माझा जीव सुपाएवढा झाला! ठमी म्हणाली, “बाई, सुरूचं झाड दाखवाल? त्याचा शेंडा थांबत नाय, सरळ वर जातो ना? चंद्रकांताबाई बोलल्या, ‘सुरू उषाबाईंकडनंच शिका, त्यांच्यासारखा मला जमत नाय.’”

जमत नाही म्हणे! यांना सुरूही उत्तम जमतो, मी चोरून ऐकलंय. बाई, माझ्यापाशी रेंगाळणाऱ्या मुली मला मिळाल्या, पण त्याही तुम्हीच धाडलेल्या. आता या मोठ्या मनाचासुद्धा हेवा करू? करते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन ते पोटात घाला. हेवा मात्र मी मागे घेत नाही.