इंजिनांचा विषय

बाळाच्या लशीसाठी मी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी डायलिसिसला आलेले एक गृहस्थ आणि विमान-इंजिनिअरिंग शिकणारी त्यांची लेक. पुढच्या सत्राचे विषय ठरवणं चाललं होतं.

“इंजिनांचा विषय का गाळलास गं?”

“नंतर बघू, बाबा.”

“आणि रॉकेटचा?”

“इंजिनांचा झाल्याशिवाय तो मिळत नाही.”

“म्हणजे राहिलाच की! शाळेपासून रॉकेट रॉकेट करून डोकं खाल्लंस माझं.”

“आवड बदलली.”

“इंजिनांची प्रयोगशाळा कोणत्या वारी असते?”

“असते एक दिवस.”

“बोल की.”

“मंगळवारी.”

“आणि आज वार कोणता?”

“बाबा, इथून निघताना तुम्हाला चक्कर येते. जिन्यात पडलात तर?”

“बसत बसत चढेन. लहानपणी तू तशीच चढायचीस.”

“चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. या आजारानं माझं न्यायचं ते नेलं. तुझं रॉकेट त्याला द्यायचं नाही.”

नर्सनं हाक मारली. लेक पिशवी घेऊन उठली.

“पिशवी इकडे दे. आज एकटा आत जातो, एकटाच घरी येतो. तू कॉलेजात जाऊन विषय बदल.”

तिनं पिशवी त्यांच्याकडे दिली. मग पर्समधून घराची किल्ली काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली.