डबलबेडची चादर

जर्मनीतल्या बोखुमच्या ट्रॅममध्ये एका म्हाताऱ्या तुर्की गृहस्थांच्या मांडीवर रंगवलेली चादर होती. वर 'जिंक, पोरी!' एवढं दिसत होतं. शेजारच्या आजींना राहवेना.

"आबिटूर आहे वाटतं कुणाची? गिम्नाझियम शाळेच्या कुंपणावर लावणार?"

"हो ना! ही परीक्षा झाली की थेट विद्यापीठ. लांबून दिसायला हवी म्हणून डबलबेडचीच घेतली."

"आमच्या वेळी नव्हती ही थेरं. लॅटिन घोकायचं आणि गुपचूप परीक्षेला बसायचं. वर्गात मुली अवघ्या तीन, त्यातली एक मी!"

"म्हणजे तुम्ही हुशारच! आमच्या लेकीला, निल्गुनला, चौथीतच बाईंनी चिठ्ठी दिली. हिला गिम्नाझियम झेपणार नाही, हाताचं काम शिकवा."

"दहा वर्षांच्या पोरीचं काय कळतं हो कुणाला! मग तुम्ही भांडलात की नाही?"

"मला कुठं जर्मन येत होतं तेव्हा? मी बाईंचे आभार मानले. वर बकलाव्याच्या मिठाईचा डबा दिला."

"अरे देवा!"

"घरी आल्यावर निल्गुननंच मला चिठ्ठी वाचून दाखवली. एका शब्दालाही अडखळली नाही."

"जाऊ दे. आता तिची मुलगी तरी पोचली ना आबिटूरपर्यंत!"

"तिची मुलगी कसली, तीच! त्रेचाळिसावं चालू आहे. दिवसा शिवणकाम, संध्याकाळी गिम्नाझियम."

"संध्याकाळच्या शाळेत? अहो, तिथं कुंपणावर कुणी चादरी लावत नाही."

"आजपासून लावतात."